खाट कुठे टाकायची?

घरात कुणाला तीव्र मानसिक आजाराचा झटका आला, की सगळ्यांत आधी झोपण्याच्या जागा बदलतात. मुलगा तीन रात्री झोपलेला नसतो. भिंतीपलीकडून आपल्याबद्दल कुजबुज ऐकू येते म्हणतो, मध्येच उठून बाहेर पडायला बघतो. मग आई आपलं अंथरूण उंबऱ्याशी, दाराला आडवं टाकते. त्याने पाऊल उचललं तर आपल्याला जाग यावी म्हणून. वडील कोयता आणि फवारणीच्या औषधाचा डबा चुलत्याकडे नेऊन ठेवतात. बारावीतल्या बहिणीला मामाकडे धाडतात. रात्री कुणी जागायचं, गोळी कुणी द्यायची, दाराशी कुणी बसायचं, हे न बोलता ठरून जातं. आठवडाभरात घराचा वॉर्ड होतो. त्यात डॉक्टर नसतो, परिचारिका नसते आणि आईची पाळी संपली म्हणून तिच्या जागी येणारं दुसरं कुणी नसतं.

रुग्णालयाची ताकद आपण खाटांत मोजतो. ‘शंभर खाटांचं रुग्णालय मंजूर’ अशी बातमी येते आणि वाचणाऱ्याला बरं वाटतं. उंबऱ्यावरचं ते अंथरूण मात्र कुठल्याच तक्त्यात धरलेलं नसतं. तरीही आपल्या देशात मानसिक आजाराची बहुतेक शुश्रूषा त्याच अंथरुणाच्या आधाराने चालते. म्हणून ‘मानसोपचाराच्या खाटा वाढवा’ असं कुणी म्हणालं, की मला आधी विचारावंसं वाटतं: खाट टाकायची कुठे, आणि तिच्याजवळ उभं कोण राहणार?

आधी रुग्णालयाचा हिशोब पाहू. १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा फाळणीआधीच्या साऱ्या हिंदुस्थानात मनोरुग्णालयं होती १९ आणि त्यांतल्या खाटा १०,१८१. म्हणजे साधारण ४० हजार माणसांमागे एक. इंग्लंडात तेव्हा दर ३०० माणसांमागे एक खाट होती. समितीसाठी या रुग्णालयांची पाहणी करणाऱ्या कर्नल मूर टेलर यांना तिथली बहुतेक ठिकाणं उपचारांपेक्षा कोंडून ठेवण्याचीच वाटली.

महाराष्ट्राच्या वाट्याला चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आली: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. येरवड्याच्या मंजूर खाटा २,५४०, ठाण्याच्या १,८५०, नागपूरच्या ९४० आणि रत्नागिरीच्या ३६५. बेरीज ५,६९५. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. म्हणजे या चार ठिकाणांपुरतं बोलायचं तर वीस हजार माणसांमागे एक खाट. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या आणि खासगी दवाखान्यांतल्या खाटा यात धरलेल्या नाहीत, पण त्या शहरांत एकवटल्या आहेत. गडचिरोलीच्या आतल्या गावातून नागपूर गाठायला अख्खा दिवस जातो, आणि तीन रात्री न झोपलेल्या माणसाला घेऊन तो दिवस एस.टी.त काढायचा असतो.

आपल्या भाषेने या अंतराची नोंद ठेवली आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘हा येरवड्याचं गिऱ्हाईक आहे’. गावाचं नाव उच्चारलं तरी पुरतं, आजाराचं नाव घ्यावं लागत नाही. पहिल्या वाक्यातलं क्रियापद ‘पाठवणे’ आहे. इथे कुणी ‘नेणे’ किंवा ‘दाखवणे’ म्हणत नाही. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आपण आईला मिरजेला नेतो, सोबत राहतो, डबा पोचवतो. मनाच्या आजारासाठी मात्र माणसाला पाठवून देतो. पाठवलेली अनेक माणसं परत आलीच नाहीत, आणि त्यातून खाटांचा दुसरा, जास्त अवघड हिशोब उभा राहिला.

हा हिशोब असा. समजा, एका मनोरुग्णालयात ३०० खाटा आहेत. त्यांतल्या शंभरांवर वर्षानुवर्षं तीच माणसं आहेत. लक्षणं कधीच निवळली आहेत, औषध नियमित चालू आहे, ती वॉर्डात कामंही करतात. पण दिलेला पत्ता चुकीचा निघतो, भाऊ पत्राला उत्तर देत नाही, किंवा घरच रस्त्याच्या रुंदीकरणात गेलेलं असतं. ही अतिशयोक्ती नाही. देशातल्या सरकारी मनोरुग्णालयांच्या पाहणीत एकतृतीयांशाहून अधिक माणसं वर्षाहून जास्त काळ तिथेच राहत असल्याचं आढळलं आहे. खाट भरलेली आहे, पण तिच्यावर रुग्ण नाही. जायला जागा नसलेला एक माणूस आहे. दाराबाहेर नव्या रुग्णाला घेऊन आलेल्या आईला ‘जागा नाही’ असं सांगितलं जातं, आणि तेही खरंच असतं. आणखी शंभर खाटा बांधल्या तरी काही वर्षांत त्याही अशाच भरतील.

मग रुग्णालयातली खाट कमी करायची का? अमेरिकेने ते करून पाहिलं. १९५५ साली तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत जवळपास ५ लाख ५९ हजार माणसं होती. क्लोरप्रोमाझिनसारखी नवी औषधं हाताशी आली होती, मनोरुग्णालयांतल्या हालांच्या कहाण्या बाहेर येत होत्या. १९६३ मध्ये केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. मोठी रुग्णालयं रिकामी करायची आणि माणसांना त्यांच्या वस्तीजवळ उपचार द्यायचे, असा तो विचार होता. रुग्णालयं रिकामी झाली, पण ठरवलेल्या केंद्रांपैकी जेमतेम निम्मी उभी राहिली. वस्तीत परतलेल्यांना वस्तीत कुणीच भेटलं नाही. पुढच्या दशकांत त्यांतले अनेक जण पदपथांवर आणि तुरुंगांत सापडले. हा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. घरच्या उपचारांच्या गोड नावाखाली रुग्णालयाची खाट काढून घेणं किती सोपं असतं, हे त्यात दिसतं.

काही प्रसंगी रुग्णालयाला पर्याय नाही. जीव द्यायचा निश्चय झालेला आणि त्याची तयारीही केलेला माणूस. अन्नपाणी सोडून दगडासारखा निश्चल पडून राहिलेला माणूस. दारू एकदम सुटल्यावर फिट्स येणारा, भास होणारा, तापाने फणफणणारा माणूस. हा तर तातडीच्या वैद्यकीय उपचारांचाच रुग्ण असतो. आणि एक असा प्रसंग, ज्याकडे आपलं लक्ष सहसा जात नाही: ज्या घरात मारहाण होते, त्या घरातली आजारी सून. तिच्यासाठी घरची खाट हा उपचार होऊच शकत नाही. या सगळ्यांना काही दिवस, काही आठवडे रुग्णालय हवं, आणि ते जवळ हवं.

जवळ म्हणजे कुठे, याचं उत्तर मुंबईला १९३८ मध्येच मिळालं होतं. त्या साली जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी मानसोपचाराचा विभाग सुरू केला. त्याआधी १९३३ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात गिरींद्रशेखर बोस यांनी देशातला तसा पहिला विभाग उघडला होता. विचार साधा होता: हाडांचा वॉर्ड, बाळंतिणींचा वॉर्ड, तसा मनाचाही वॉर्ड, एकाच जिन्यावर. नातेवाईक सोबत राहतात, दोन-तीन आठवड्यांत माणूस घरी जातो, आणि शेजाऱ्यांना ‘जे. जे.ला ॲडमिट होता’ एवढंच सांगितलं तरी चालतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. त्यातही जिल्हा रुग्णालयात दहा खाटांची सोय अपेक्षित आहे. खाटा वाढवायच्या तर मी पहिला पैसा तिथे घालेन. दोन हजार खाटांची नवी भिंत बांधण्यापेक्षा परभणीतल्या, नंदुरबारमधल्या दहा खाटा रात्रीच्या डॉक्टरसकट आणि परिचारिकेसकट चालू राहणं माणसांच्या जास्त कामाचं आहे.

आता घराकडे येऊ. आणि त्यासाठी अमृतसरला जावं लागेल.

फाळणीनंतर लाहोरच्या मनोरुग्णालयातल्या हिंदू आणि शीख रुग्णांची अदलाबदल झाली. १९५० च्या अखेरीस सुमारे साडेचारशे जण सीमेच्या अलीकडे आणले गेले. मंटोची ‘टोबा टेकसिंह’ ही कथा याच अदलाबदलीवर आहे. त्यांतले बरेचसे अमृतसरच्या मनोरुग्णालयात राहिले. डॉ. विद्यासागर तिथले अधीक्षक होते. जागा अपुरी, कर्मचारी थोडे. त्यांनी केलेली गोष्ट त्या काळी कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हती. रुग्णाला आणणाऱ्या नातेवाइकांना त्यांनी परत जाऊ दिलं नाही. रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि सांगितलं, तुम्हीही इथेच राहा.

आई, बायको, भाऊ तंबूत राहू लागले. स्वयंपाक तिथेच, रुग्णाला आंघोळ घालणं तिथेच. विद्यासागर त्यांच्याशी गटागटाने बोलत. आजार काय असतो, गोळी बंद केली तर काय होतं, चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं. आपल्या माणसाला सावरताना नातेवाइकांनी डोळ्यांनी पाहिलं. भीती गेली. आणि जो माणूस आजारपणभर घरच्यांच्या नजरेसमोर होता, त्याला घरी नेताना कुणी मागे हटलं नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं मानसिक आरोग्य केंद्र १९५७ मध्ये सुरू झालं, तिथेही सोबत कुटुंबातलं माणूस राहणं हा उपचाराचाच भाग धरला गेला. पाश्चात्त्य देशांत त्या काळी कुटुंबाला आजाराचं कारण मानून रुग्णापासून लांब ठेवण्याकडे अनेकांचा कल होता. आपल्याकडे मनुष्यबळाच्या टंचाईतून उलटी वाट निघाली. तंबू हा रुग्णालय आणि घर यांच्या मधला टप्पा होता.

पुढचं पाऊल बंगळुरूत पडलं. शैला पै आणि रवी कपूर यांनी स्किझोफ्रेनियाच्या ५४ रुग्णांचे दोन गट केले. सत्तावीस जणांवर रुग्णालयात दाखल करून उपचार झाले. उरलेले सत्तावीस घरीच राहिले आणि एक प्रशिक्षित परिचारिका ठरावीक दिवशी त्यांच्या घरी जात राहिली. औषध, लक्षणांची नोंद आणि घरच्यांशी बोलणं तिच्याकडे. सहा महिन्यांनी तुलना केली, तर घरच्या गटाची लक्षणं अधिक आटोक्यात होती, माणसं कामाला अधिक लागली होती, खर्चही कमी झाला होता. कुटुंबावरचा भार घरच्या गटातच कमी निघाला, हे तर कुणालाही उलटं वाटावं असं. रुग्ण चोवीस तास डोळ्यांसमोर असूनही भार कमी कसा? याचं उत्तर त्या परिचारिकेत होतं. आईला विचारायला कुणीतरी मिळालं होतं.

हा अभ्यास १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. त्याआधी, १९८१ मध्ये, याच दोघांनी ‘भार’ मोजायची एक प्रश्नावली तयार केली, आणि ती आजही अनेक देशांत वापरली जाते. तिचे सहा भाग आहेत: पैशाचा ताण, रोजच्या कामांची विस्कट, विरंगुळा तुटणं, घरातल्या माणसांचं एकमेकांशी बिनसणं, बाकीच्यांच्या शरीराला होणारा त्रास आणि त्यांच्या मनाला होणारा. पहिल्यांदा ही यादी वाचली तेव्हा मला ती एखाद्या घराची झडती वाटली. बहिणीचं मामाकडे जाणं दुसऱ्या भागात बसतं. सणाला कुणाला बोलवायचं बंद होणं तिसऱ्यात. आईचा वाढलेला रक्तदाब पाचव्यात. डॉक्टर रुग्णाला तपासतो, पण ही सहा घरं तपासल्याशिवाय घरची खाट टिकेल की मोडेल हे कळत नाही.

मग घरची खाट म्हणजे नेमकं काय? ‘घरी न्या, गोळ्या द्या, पंधरा दिवसांनी दाखवा’ याला घरची खाट म्हणत नाहीत. इंग्लंडने २००० सालच्या आरोग्य योजनेत घरी जाऊन उपचार करणाऱ्या ३३५ तुकड्या देशभर उभारायचं ठरवलं, त्यांच्या कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. मानसोपचारतज्ज्ञ, परिचारिका, समाजसेवक अशांची एक तुकडी असते. तिच्याकडे एका वेळी मोजकेच रुग्ण असतात. सुरुवातीला रोज, गरज पडली तर दिवसातून दोन-तीनदा कुणीतरी घरी येतं. गोळी समोर घेतली जाते. झोप किती झाली, जेवण किती गेलं, मान-जबडा आखडला का, हात थरथरतात का, हे पाहिलं जातं. महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शन घरीच दिलं जातं. घरातल्या जास्तीच्या गोळ्या, कीटकनाशक, दोर यांचं काय करायचं हे पहिल्याच भेटीत ठरतं. तुकडी सकाळी जमते तेव्हा फळ्यावर नावं असतात, वॉर्डातल्या खाटांसारखी, आणि प्रत्येक नावावर बोलणं होतं. काही आठवड्यांनी माणूस सावरला, की त्याला नेहमीच्या बाह्यरुग्ण विभागाकडे सोपवून फळ्यावरचं नाव पुसतात. ती खाट रिकामी झाली.

या तुकडीकडे आणखी एक अधिकार असतो: रुग्णालयात कुणाला दाखल करायचं यात तिचा शब्द चालतो. घरी जमत नाहीये असं दिसलं, तर त्याच रात्री रुग्णालयात जागा करून देणं तिचं काम. घरची खाट त्या हमीवर उभी असते. पाठीमागे रुग्णालयाची मोकळी खाट नसेल, तर कुठली आई ‘ठेवते मी घरी’ म्हणायचं धाडस करील? म्हणून या दोन्ही खाटा एकत्रच वाढवाव्या लागतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने मानसिक आरोग्यासाठी शाही आयोग नेमला होता. त्याच्या नोव्हेंबर २०१९ च्या अंतरिम अहवालाने तीव्र आजारासाठी १७० जादा खाटा मागितल्या, आणि पुढे त्या वाढवताना काही ‘घरातल्या रुग्णालया’च्या धरल्या गेल्या. सरकारी हिशोबात घरची खाट ही खाट म्हणून मोजली गेली, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. मोजली की तिला पैसा मिळतो, पदं मिळतात, आणि ती बंद पडली तर कुणाला तरी जाब विचारता येतो.

आपल्याकडचा कायदाही इथपर्यंत आलेला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा पुढच्या वर्षी अमलात आला. त्याच्या अठराव्या कलमात रुग्णालयातल्या उपचारांबरोबर घरी राहून पुनर्वसनाची आणि कुटुंबाला आधाराची सेवा देणं सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. जिल्ह्यात किमान सेवा नसेल, तर दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसावा, असंही त्यात आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक सुरू आहे, रात्री दोन वाजताही फोन करता येतो. फोनवर धीर मिळतो, सल्ला मिळतो. पण तीन दिवस गोळी न घेतलेल्या माणसासमोर बसून ‘दादा, एवढी घे रे’ म्हणायला कुणीतरी दारातच यावं लागतं.

महाराष्ट्रात हा आधार बराचसा माणसांनी आपापसांत उभा केला आहे. कॅनडात स्थायिक झालेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्वतःच्या घरात स्किझोफ्रेनिया पाहिला होता. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपटही त्यांच्यामुळे झाला. त्या चित्रपटात आजारी भावाला बहीण घरी आणते, आणि तिचा संसार, तिची ओढाताण हीसुद्धा तितकीच पुढे येते. इथल्या आधारगटांत दोन शब्द रुळले आहेत: आजाराशी झुंजणारा तो ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणारा ‘शुभंकर’. ‘रुग्ण’ आणि ‘नातेवाईक’ यांपेक्षा मला हे शब्द पटतात. शुभंकर म्हटलं की त्या माणसाकडे एक काम आहे हे मान्य होतं. काम म्हटलं की त्याला सुट्टी लागते, शिकवणी लागते, बदली माणूस लागतं. आपल्या घरांत हे काम बहुतेक वेळा आईवर, बायकोवर पडतं आणि तिला ते किती वर्षं करायचं हेही कुणी सांगत नाही. घरच्या खाटांची कुठलीही योजना आखताना वर्षातून काही दिवस रुग्णाला दुसरीकडे ठेवून त्या बाईला नुसतं झोपता येईल अशी सोय नसेल, तर ती योजना तिच्या अंगावर उभी आहे असं समजावं.

आणि ज्यांना घरच नाही? त्या शंभर खाटांवरची माणसं? कायद्याचं एकोणिसावं कलम म्हणतं, की घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. २०२१ मध्ये बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्यावरून सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला खडसावलं होतं. चेन्नईच्या ‘द बन्यन’ संस्थेने यावर साधी वाट काढली. वस्तीतलंच एखादं घर भाड्याने घ्यायचं, चार-पाच जणींनी किंवा जणांनी मिळून तिथे राहायचं, सोबतीला एक मदतनीस. भाजी काय आणायची ते त्यांनीच ठरवायचं, कुणी कामाला जातं, कुणी घर बघतं, शेजारीण हळदीकुंकवाला बोलावते. ‘होम अगेन’ नावाच्या या कामाची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आदर्श सेवांत नोंद घेतली.

हेच काम रत्नागिरीतही आलं आहे, ३६५ खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या सोबतीने. वीस-वीस वर्षं वॉर्डात काढलेली पाच माणसं सकाळी एका भाड्याच्या घरात राहायला गेली, की संध्याकाळी रुग्णालयात पाच खाटांवर नवी चादर घालता येते. संगमेश्वरहून मुलाला घेऊन निघालेल्या आईला मग दोन-तीन आठवड्यांसाठी जागा मिळते.